चार सेकंद

मोतीबागच्या हॉलात मे महिन्याची दुपार.
दोन कूलर, त्यातला एक नुसताच गुरगुरतो.
धकाते मास्तर वाकून दोरांतून आत जातात,
गुडघा कटकन वाजतो, मला टेबलापर्यंत ऐकू येतो.
पांढरा शर्ट, काळा बो.
नाकाचं हाड अजून डावीकडे.

माझ्याकडे स्टॉपवॉच, हातोडी,
आणि घंटा म्हणून
अजनी शेडमधला रुळाचा वीतभर तुकडा.
संघानं मधे पितळी आणली होती,
तिला आवाजच नव्हता,
परत हाच टांगला.

आजच्या पोरांना माहीत नाही
हे बो बांधलेलं म्हातारं काय होतं.
गोळीबार चौकात लोक पैज लावून
त्याचा उजवा हात बघायला यायचे.
रेती भरलेलं पोतं, दुहेरी शिवण,
आणि रविवारी सकाळी शिवण उसवलेली.
आई म्हणायची, मागावर बस,
एवढा हात चालतो तुझा.

आता त्याच हातानं तो
पडून उठलेल्या पोराचे ग्लोव्ह
स्वतःच्या शर्टावर पुसतो,
दोन्ही, नीट,
शाळेत निघालेल्या पोराची पाटी पुसावी तसे.
डोळ्यांत बघतो. बोटं धरतो समोर.
आठपर्यंत मोजायचं असतं,
पुष्कळदा तो आठला पोचतच नाही.
हात हलवतो. बस. संपलं.

मग वरच्या पायऱ्यांवरून सुरू:
काऊन बे मास्तर, पोट्टं उभं हाय ना अजून!
भेला का बे?
एवढे लोकं झोपवले यानं,
अन् आता नाकातून थेंब आला का
यालेच घाम फुटते!

मी काही बोलत नाही.
तो कधी भेला, मला सेकंदासकट ठाऊक आहे.

एकोणऐंशी. कस्तुरचंद पार्कात मांडव.
समोर कामठीचा इलियास अन्सारी,
दुसरी फेरी संपत आलेली.
हातोडी माझ्याच हातात. वय एकोणीस.
इलियासनं मनात हिशेब केला, झाली फेरी,
आणि हात खाली घेतले.
झालीच होती.
मी घड्याळ बघत नव्हतो.
मी धकातेला बघत होतो.
तो उजवा खांद्यातून निघाला
इतका देखणा
की माझा हात तसाच राहिला हवेत.

रुळावर टोला पडला
तेव्हा इलियास पडून झाला होता.

चौकशी झाली नाही. पेपरात फोटो आला.
पंचानं दहा मोजले, मांडवानंही मोजले बरोबरीनं.

पुढे दोन वर्षं तो डाव्यानंच खेळला, हरला,
मग पंचांच्या परीक्षेला बसला.
नियमांचं पुस्तक इंग्रजी,
भाच्याकडून रात्री वाचून घ्यायचा,
एकच पान पुन्हा पुन्हा.

दर ईदला तो बर्डीवरून कामठीची बस धरतो.
इलियास त्याला दर वेळी निराळ्याच नावानं हाक मारतो,
याकूब, बशीर, एकदा तर मामू,
आणि हा प्रत्येक नावाला ओ देतो.
इलियासचा हात कापतो,
शेवयांचा चमचा हा धरतो.
एकदा मला म्हणाला, चल.
मी म्हटलं, ड्यूटी आहे.
नव्हती.

निकाल लागला. तो मधे उभा,
दोघांची मनगटं दोन हातांत.
एक वर जातं, हॉल तिकडे बघतो.
दुसरं खाली, त्याच्या मुठीत,
ते तो लवकर सोडत नाही.
नाडी उतरेपर्यंत धरून ठेवतो म्हणे.
पोरं वैतागतात, झटकून निघून जातात.

पुढची जोडी. लाल, निळा.
तो माझ्याकडे बघतो.
पंचानं बघायचंच असतं, नियम आहे.
चाळीस वर्षांत त्या चार सेकंदांबद्दल
त्यानं चकार शब्द काढलेला नाही.
मान हलवतो नुसती: तयार?

मी टोला देतो आणि काट्याकडे बघतो.
तेव्हापासून
ठोसा मी एकही पाहिलेला नाही.
आवाज येतो तेवढाच.